सगूच्या बाळंतपणाचं तूप

परवा भागीबाई तिच्या नव्या सुनेला घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "ठमाबाई, हिला जरा मूठ काढायला शिकवा. अख्ख्या पंचवटीत तुमच्यासारखा संसार कुणी केला नाही." पोरगी पंधरा-सोळा वर्षांची, खाली मान घालून उभी. हळदीचा पिवळेपणा अजून नखांत होता. आणि मी काय केलं? तिच्या अंगावर ओरडले. "काही शिकायचं नाही! मळायचं तेवढं पीठ मळ, नवऱ्याला पोटभर घाल, तूही पोटभर खा. चालती हो इथनं!"

भागीबाईचं तोंड एवढंसं झालं. "डोकं फिरलं म्हातारीचं," असं पुटपुटत ती सुनेला घेऊन गेली. फिरलं तर फिरलं. पण ती पोर वळली ना, तेव्हा पाठमोरी अगदी माझ्या सगूसारखी दिसली, आणि मग दिवसभर माझ्या हातून काही काम झालं नाही. म्हणून सांगते. ऐकायचं तर ऐका.

मूठ म्हणजे काय, तर भाकरीचं पीठ परातीत घ्यायचं आणि मळायच्या आधी त्यातलं मूठभर परत काढून वेगळ्या मडक्यात टाकायचं. सकाळी एक, संध्याकाळी एक. भाकरी थोडी पातळ होते, कुणाच्या लक्षातही येत नाही. महिन्याला मडकं भरतं. ते वाण्याकडे नेऊन द्यायचं आणि घरात नसलेली वस्तू आणायची. माझ्या आईनं मला शिकवलं, तिला तिच्या आईनं.

पण माझं नुसत्या मुठीवर भागत नव्हतं. मी काड्याची पेटी विकत घेत नव्हते. शेजारच्या खातूनबीची चूल आधी पेटायची, तिच्याकडून गोवरीवर विस्तव आणायचा. तेल मी ओतत नव्हते, चिंधी बुडवून तव्यावर फिरवायची. चिंचोके भाजून खायचे, भाताची पेज आमटीत घालायची. सगूचे बाबा भांड्यांच्या कारखान्यात ठोक्याचं काम करायचे, सकाळपासून तांब्यापितळेच्या पत्र्यावर हातोडा. ते जेवायला बसले की भाकरी उजेडाला धरायचे. "ठमे, हिच्यातनं मला पलीकडचं रामकुंड दिसतंय गं!" मी म्हणायची, "दिसतंय ना? मग बसल्या जागी दर्शन झालं, पुण्य घ्या आणि जेवा." हसायचे बिचारे. खातूनबी म्हणायची, "तुझ्या घरी पाहुणा आला ना, तर त्याला फोडणीच्या वासावरच वाटेला लावशील तू." मला त्याचा राग नाही यायचा. उलट मिरवायची मी. आळीत कुणाचं उधार थकलं नाही असं एकच घर होतं, माझं.

चार लेकरं झाली, राहिली एकटी सगू. सगुणा. तिला इगतपुरीला दिली होती. जावई नाथा रेल्वेत खलाशी, स्वभावानं गरीब. घरात तो, त्याची दमेकरी आई आणि आमची सगू. लग्नाला दोन वर्षं झाली आणि बत्तीस सालच्या संक्रांतीला ती घरी आली, ती मोठ्यानं बोलेचना. पाणी भरताना माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, मला आंबट खावंसं वाटतंय."

अगं बाई! काय सांगू मला काय झालं ते. मी हंडा तिथेच ठेवला आणि रडायला लागले.

पहिलं बाळंतपण माहेरचं. हा तर आपला रिवाजच. सातव्यात लेकीला आणायची, ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं आणि सव्वा महिन्याचं बाळ होईपर्यंत ठेवून घ्यायची. मी त्याच दिवशी मनाशी यादी केली. तूप चार शेर. डिंक, खारीक, खोबरं, अळीव, बाळंतशोपा. तिला एक लुगडं, बाळाला झबलं-टोपडं. आणि हे सगळं रोखीनं. एका पैचीही उधारी नाही.

का, तर त्याला कारण होतं. माझं पहिलं बाळंतपण निफाडला माझ्या माहेरी झालं. बापानं सगळं वाण्याकडून उधार आणलं होतं. मी बाजेवर होते, बाराव्या दिवशी तो वाणी अंगणात येऊन उभा राहिला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "पोरीनं तूप ओरपलं, आता पैसे द्यायला कोण येणार?" माझी आई दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होती. त्या दिवसापासून तुपाचा घास माझ्या घशाखाली उतरला नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं, मला लेक झाली तर तिच्या बाजेपाशी असला माणूस येऊ द्यायचा नाही. मरेन पण येऊ द्यायची नाही.

सगूच्या बाबांनी कारखान्यात नापास झालेल्या पितळी पत्र्याचा एक कडीचा डबा ठोकून, आतून कल्हई लावून दिला. झाकण असं बसायचं की मुंगी आत जायची नाही. म्हणाले, "घे. भर तुझ्या लेकीचं तूप." महिन्याला मुठीचं पीठ वाण्याकडे जायचं आणि त्या डब्यात तूप यायचं. मी एकाऐवजी दोन मुठी काढायला लागले. मग माझ्या वाटची रात्रीची भाकरी बंद केली. ह्यांना सांगायची, मी आधीच जेवले.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात काय व्हावं! भांड्यांचा बाजार बसला. लोकांना खायला मिळेना, हंडे-कळशा घेतो कोण? मालकानं ह्यांची मजुरी आठ आण्यांवरून पाच आण्यांवर आणली, आणि तीही आठवड्यातनं चारच दिवस. पीठच अर्धं येतंय, तर मूठ कशातनं काढू? तरी काढत होते. पण डबा काही वर चढेना.

ज्येष्ठ लागला. सगूला सातवा लागला. डब्यात तूप सव्वा शेर.

ह्यांनी विषय काढला. "ठमे, रविवारी जाऊन पोरीला घेऊन येतो."

मी म्हटलं, "आणून खायला काय घालू? माझं डोकं?"

"वाणी काय आपल्याला नाही म्हणेल का? इतक्या वर्षांत आपण कधी उधार घेतलं नाही. तो आनंदानं देईल."

"तेच तर! त्याला आनंद होईल!" मी असं फाडकन बोलले की ते उठून बाहेर गेले. फार साधा माणूस. त्यांनी तेव्हा माझ्या मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

खातूनबीही सांगून थकली. तिचा नवरा कादर टांगा चालवायचा, दारात एक बकरी होती. म्हणाली, "मी देते दोन शेर तूप. माझ्या बहिणीकडून आणते येवल्याहून. तुझ्या सोयीनं फेड. पोरीला आण गं आधी, पोरीला आईचं तोंड बघायचं असतं, तूप नाही." मी म्हटलं, "तुझा विस्तव घेते तेवढा पुरे." किती ताठा! आता आठवलं की स्वतःचीच जीभ उपटून काढावीशी वाटते.

इगतपुरीचा मंगळू म्हणून एक तांदूळवाला दर बुधवारी बाजाराला यायचा. सगूची खुशाली त्याच्याकडूनच कळायची. त्या बुधवारी दारात टेकला आणि म्हणाला, "पोर इचारती, आई कधी नेनार हाय? रोज इचारती."

मी म्हटलं, "तिला सांग, तयारी व्हायचीय. हा सातवा जाऊ दे. आठव्यात वेस ओलांडायची नसते. नववा लागला की पहिल्या दिवशी मी स्वतः येते. सगळं साग्रसंगीत करते म्हणावं."

मंगळूनं मान डोलावली, पण उठेना. म्हणाला, "तिची सासू अंथरुनाला हाय. पानी हिलाच भरावं लागतंय, ईहिरीवरनं. पाऊस लय हाय आमच्याकडं."

मी ऐकलं. ऐकलं नाही असं नाही म्हणणार. मनात म्हटलं, बाईमाणसाला पाणी भरावंच लागतं, मी नाही का भरलं? आणि त्याला तुपाचा डबा दाखवला. झाकण उघडून दाखवला! म्हटलं, "बघ, तिला सांग डबा भरत आलाय." सव्वा शेराचा डबा, भरत आलाय कुठला!

मग आषाढ. आठवा. आता मी हातपाय बांधल्यासारखी. आठव्यात गरवार बाईला हलवायची नाही, आणि मी तिच्याकडे जाऊन राहावं, तर लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही. आईनं लेकीच्या घरी तसं राहायचंच नाही. असे सगळे रिवाज मी पाळले. एकही मोडला नाही. देवानं विचारलं तर तोंडावर सांगीन त्याला.

दुसऱ्या बुधवारी मंगळूनं निरोप आणला. त्याला तो पाठ करायला लावला होता वाटतं, डोळे मिटून बोलला. "आईला म्हनावं, मला तूप नको, लाडू नको. मी तुझ्या हातची पातळ भाकर खाईन. खालच्या खोलीत कोपऱ्यात पडून राहीन. फकस्त मला घेऊन जा."

मी हसले हो. हसले! म्हटलं, "वेडी आहे पोर. अजून लहानच आहे." आणि मंगळूच्या हातात चार चिंचोके भाजलेले ठेवले. तिला आवडायचे.

त्यानंतर मी एका वेळेवर आले. सकाळी एक भाकरी, बस्स. दुपारी बायकांकडे दळण घ्यायला लागले. जात्यावर बसले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण वाटायचं, डब्यात बोटभर तूप चढलं. महिनाअखेरीला डबा खरंच अडीच शेरांवर गेला. डिंक आणला, खारीक आणली. अळिवाची पुडी बांधून ठेवली. टोपडं शिवलं, माझ्या जुन्या चोळीच्या खणाचं, काठ पुढे येईल असं. नववा लागायला पाच दिवस राहिले होते. बोटांवर मोजत होते मी.

आणि शुक्रवारी मंगळू आला. बुधवार नव्हता. पाठीवर तांदळाचं पोतं नव्हतं.

मी परात तशीच खाली ठेवली. तो म्हणाला, "पोर मोकळी झाली. पहाटं. इहिरीवर कळा आल्या, तिथंच बसली. पोरगी झालीय, एवढीशी. जिती हाय."

"आणि सगू?"

"नाथानं सांगितलंय, लगेच या. सुईन म्हनती, रगत थांबत नाय. पन बोलती हाय ती. तुझंच नाव घेती."

बोलतेय! म्हटलं ना त्यानं, बोलतेय. मी तेवढंच धरलं. म्हटलं, रक्त जातं बाळंतिणीचं, अशक्त झाली असेल, तुपानं येईल ताकद. मी सगळं बांधलं. डबा, डिंक, खारीक, टोपडं, सगळं. खातूनबीनं कादरला हाक मारली, त्यानं टांगा जोडला. जन्मात पहिल्यांदा मी भाडं न ठरवता टांग्यात बसले. ह्यांना कारखान्यातून तसंच उचललं, अंगावर राख आणि घाम घेऊन ते बसले. नाशिकरोडला गाडी मिळाली. घोटीच्या पुढे असा पाऊस, की खिडकीतून बाहेरचं काही दिसेना. डबा मी मांडीवर घट्ट धरला होता. बाजूच्या बाईनं विचारलं, "काय आहे हो त्यात?" मी म्हटलं, "लेक बाळंत झाली. तिचं तूप." ती म्हणाली, "भाग्यवान आहे लेक."

नाथाच्या खोलीपुढे माणसं उभी होती. डोक्यावर पोती घेऊन. मी त्यांच्यातून वाट काढत आत गेले. सगूला खाली घेतलं होतं. तोंड धुतलेलं, कुंकू लावलेलं. अर्धा तास झाला म्हणाले. अर्धा तास! पाऊण तास गाडी अस्वलीला उभी होती.

मी तिचा हात धरला. मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. खात काय होती ही? तिच्या सासूनं भिंतीशी बसल्या बसल्या खोकत सांगितलं, "रोज आपल्या ताटातली अर्धी भाकर बाजूला काढायची. म्हणायची, आई तिकडे माझ्यासाठी उपाशी राहते, मला कसं खाववेल."

मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. मंगळूनं माझी दशा पाहून सांगितलं असेल, नाहीतर तिला ठाऊकच असेल. माझीच लेक होती.

मी रडले नाही तेव्हा. नुसती बसून राहिले. मग बाहेर बायकांत कुजबुज झाली, आणि एक म्हातारी मोहऱ्यांची पुडी घेऊन आली. बाळंतपणात गेलेल्या बाईमागे वाटेवर मोहऱ्या टाकायच्या असतात, म्हणजे ती परत घराकडे येत नाही. तेव्हा मात्र माझं डोकं फुटलं. मी तिच्या हातातली पुडी हिसकावून घेतली. "माझी सगू परत यायची भीती वाटते तुम्हाला? येऊ दे की! येऊ दे तिला! महिनाभर ये-ये करत होती, तेव्हा मीच आणली नाही! आता तरी येऊ दे!" मला ह्यांनी धरून मागे ओढलं.

पुरुष तिला घेऊन गेले. मी दारातून बघितलं. पावसात ते वळणाआड दिसेनासे झाले. बाळ शेजारणीच्या मांडीवर होतं, नाथाच्या सदऱ्यात गुंडाळलेलं. रडायचं तेही मांजरीसारखं, बारीक. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

तासाभरानं नाथा धावत परत आला. एकटाच. नखशिखांत भिजलेला, दाताला दात लागत होते. दारात उभा राहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

"आई, लाकूड पेट घेत नाही. आठ दिवसांचा पाऊस आहे, ओलं झालंय सगळं. रॉकेल होतं तेवढं ओतलं. नुसता धूर होतोय. बाबा तिथं छत्री धरून बसलेत." मग खाली बघून म्हणाला, "घरात तूप असेल का कुठं?"

गाठोडं माझ्या पायाशीच होतं. मी सोडलं. डबा काढला. अडीच शेर होतं बघा, अर्ध्याच्या वर चढलेलं. सहा महिन्यांच्या मुठी. माझी सगळी रात्रीची जेवणं. मी दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "सगळं ओत. राखू नको. तिचंच आहे."

संध्याकाळी सगळे परत आले. पेटलं, म्हणाले. चांगलं पेटलं. ह्यांच्या भुवया जळल्या होत्या, इतके ते जवळ उभे होते. नाथा माझ्यासमोर खाली बसला आणि सदऱ्याखालून तो डबा काढून माझ्यापुढे ठेवला. झाकणसुद्धा आणलं होतं त्यानं. म्हणाला, "भांडं टाकून नाही दिलं, आई. तुम्हाला लागेल म्हणून परत आणलं."

कुणी दुसरं असतं तर मी तो टोमणाच समजले असते. पण तो खरंच म्हणत होता. त्याला वाटलं, सासूबाईंना भांडं गेल्याचं वाईट वाटेल. मी जन्मभर हेच कमावलं होतं.

मी डबा जवळ घेतला. आत बघितलं. बुडाशी, कडेच्या खाचेत थोडं तूप राहिलं होतं. आणि माझा हात हो, माझा हात! कुठलंही भांडं रिकामं झालं की आत बोट फिरवून शेवटचं पुसून घ्यायची ह्या हाताला सवय. तो आपोआप आत गेला. बोटाच्या टोकाला चिकटलं तेवढं वर आलं. आता त्याचं काय करू? कुणाला घालू?

शेजारीण म्हणाली, "पोरीची टाळू भरायची राहिलीय. सकाळपासून कुणाला सुचलंच नाही."

मी बाळ मांडीवर घेतलं. पहिल्यांदाच बघितलं तिला. टाळू धडधडत होती, पाखराच्या छातीसारखी. मी ते बोटभर तूप तिच्या टाळूवर जिरेपर्यंत चोळलं.

माझ्या लेकीचं बाळंतपण मी केलं, ते एवढंच.